जीटीए खेळायचं आहे, सुरुवात कुठून करू?

चांदणवेल
नमस्कार मंडळी. गोष्ट असलेले गेम मी बऱ्यापैकी खेळते, पण जीटीएच्या (ग्रँड थेफ्ट ऑटो) वाटेला आजवर गेले नव्हते. सहाव्या भागाची एवढी चर्चा ऐकून आता राहवत नाहीये. तो यायच्या आत निदान दोन-तीन जुने भाग खेळून व्हावेत असं मनात आहे. यादी बघितली आणि गांगरले. १९९७ पासूनचे भाग आहेत. आधी आकडे, मग शहरांची नावं, मग परत आकडे.

रात्री तासभर मिळतो, सुट्टीला थोडा जास्त. पीसी आहे, कंट्रोलर आहे. ऑनलाइनमध्ये रस नाही. गेममधली गाडी मला धड चालवता येत नाही आणि घड्याळ लावून पळवणारी मिशन्स अजिबात आवडत नाहीत. मला माणसं हवीत, त्यांची गोष्ट हवी.

गोष्ट सलग आहे का? मधूनच सुरुवात केली तर काही कळणारच नाही, असं आहे का? आणि कृपया कुणी गोष्ट फोडू नका.

बिनधास्त_बाळू
५. विषय संपला.

वाचनमात्र
रुमाल टाकून ठेवतो. मलाही हेच विचारायचं होतं.

तर्कटराव
विषय आत्ता सुरू झालाय बाळू.

चांदणवेल, गोष्ट सलग नाही, पण घराणी आहेत. पहिले दोन भाग वरून दिसणारे. शहर नकाशासारखं खाली पसरलेलं आणि गाड्या मुंगीएवढ्या. ते आज कुतूहल म्हणून बघावेत. खरी सुरुवात २००१ च्या ३ पासून. ३, व्हाइस सिटी (२००२), सॅन अँड्रियाज (२००४) आणि पीएसपी या हातातल्या कन्सोलवर आलेल्या दोन 'स्टोरीज' हे एक घराणं. ४ (२००८), त्याचे दोन उपभाग, चायनाटाउन वॉर्स आणि ५ (२०१३) हे दुसरं. शहरांची नावं दोन्हीकडे तीच आहेत. पण ३ मधलं लिबर्टी सिटी आणि ४ मधलं लिबर्टी सिटी ही दोन वेगळी शहरं समजायची. एखाददुसरा अपवाद सोडला तर एका घराण्यातली माणसं दुसऱ्यात येत नाहीत.

पहिल्या घराण्यात अजून एक गंमत आहे. व्हाइस सिटी घडतं १९८६ मध्ये, सॅन अँड्रियाज १९९२ मध्ये आणि ३ घडतो २००१ मध्ये. म्हणजे ३ आधी बनला आणि गोष्टीत सगळ्यात शेवटी आला. ३ च्या पहिल्या काही मिनिटांत कॅटॅलिना नावाची बाई दिसते. ती कोण, कुठली, हे कळायला लोकांना सॅन अँड्रियाजपर्यंत तीन वर्षं थांबावं लागलं. तो आनंद हवा असेल तर ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने खेळा.

बिनधास्त_बाळू
तर्कटराव, त्यांच्याकडे रात्रीचा एक तास आहे. मूळ ३ मध्ये गेमच्या आत मॅपसुद्धा नाही हो! खोक्यात कागदाचा नकाशा यायचा. पाण्यात पडलात की मेलात. नव्या माणसाला तिथे पाठवलंत तर परत यायच्या नाहीत त्या.

तर्कटराव
मॅप नसल्यामुळेच ३ मधल्या पोर्टलंड बेटाचे रस्ते मला आजही पाठ आहेत. पण मुद्दा मान्य. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला ३ थकवेल.

उडता_सोफा
सॅन अँड्रियाज! अजून कुणीच कसं म्हटलं नाही?

आईच्या अंत्यविधीसाठी पाच वर्षांनी घरी परतलेला मुलगा, कार्ल जॉन्सन, म्हणजे सीजे. तो विमानतळावरून बाहेर पडतो तिथपासून तुम्ही त्याच्यासोबत असता. त्याला पोहता येतं (आधीच्या नायकांना येत नव्हतं), तो व्यायामशाळेत जाऊन शरीर कमावतो, खाणं अती झालं की जाड होतो आणि पाय घसटत पळतो. सायकल चालवत राहिलात की सायकल चालवायचं कसब वाढतं. एकाच गेममध्ये तीन शहरं आणि मधे डोंगर, जंगल, वाळवंट. मी पहिल्यांदा लॉस सँटोसच्या बाहेर पडलो ती रात्र विसरणार नाही. रस्त्यावरचे दिवे संपले, धुकं आलं, रेडिओ चालू, आणि समोर फक्त हेडलाइटपुरता रस्ता. मिशन वगैरे काही नव्हतं, नुसता जात राहिलो.

आता खोट सांगतो. रेल्वेच्या बाजूने मोटारसायकल पळवायचं एक मिशन कुप्रसिद्ध आहे. तिथे गाडीला चिकटून जायचं नाही. थोडं लांब राहून समांतर चालवायचं, म्हणजे मागे बसलेल्या बिग स्मोकला नेम धरता येतो. आणि पुढे विमान शिकावं लागतं, त्यातून सुटका नाही.

रेडिओवेडी
मी व्हाइस सिटीच्या बाजूने. सगळ्यात आटोपशीर, म्हणून. रोज तासभर खेळणाऱ्या माणसाला गेम संपण्याचं समाधान लवकर मिळालं पाहिजे. टॉमी व्हर्सेटीला रे लिओटाचा आवाज आहे, आणि ३ मधल्या मुक्या क्लॉडनंतर नायक बोलायला लागला तो इथे. गुलाबी आकाश, निऑन पाट्या, दोन बेटं. गाडीत बसलं की रेडिओ लागतो आणि १९८६ साल अंगावर येतं. मी कितीदा तरी मिशनच्या जागी पोहोचून गाडीतच बसून राहिले आहे, गाणं संपेपर्यंत.

घड्याळाचं म्हणाल तर एक कठीण प्रसंग आहे. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे. पहिला बॉम्ब उचलेपर्यंत वेळ सुरू होत नाही. त्यामुळे आधी रिकाम्या हेलिकॉप्टरने सगळे मजले फिरून घ्या, जिने बघून ठेवा, आडवे येणाऱ्यांना पात्यांनी बाजूला करा. मग बॉम्बला हात लावा.

अंजिरी
मध्येच विचारते. माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, मित्र खेळतात म्हणून मागे लागलाय. यातला कुठला भाग त्याला चालेल?

जुनापुराणा
अंजिरीताई, कुठलाच नाही. मुख्य भाग युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठी आणि अमेरिकेत १७ वरच्यांसाठी असं मानांकन घेऊन येतात, आणि ते बरोबरच आहे. २००५ मध्ये सॅन अँड्रियाजच्या आत दडलेला एक प्रसंग मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) वापरून उघडता येतो हे बाहेर आलं, तेव्हा अमेरिकेतल्या ईएसआरबी या मानांकन संस्थेने त्याचं मानांकन बदलून 'फक्त प्रौढांसाठी' केलं होतं. नुसत्या मारामारीचा प्रश्न नाही. यातली माणसं ज्या कारणांनी वाया जातात ती समजायला वय लागतं. मोकळं फिरणं आणि गाड्या एवढंच त्याला हवं असेल तर शर्यतींचे चांगले ओपन वर्ल्ड गेम आहेत, ते द्या.

अंजिरी
पटलं. धन्यवाद. त्याला हाच प्रतिसाद वाचून दाखवते.

जुनापुराणा
आता मूळ प्रश्न. चांदणवेल, तुम्ही 'माणसं हवीत' म्हणालात. मग माझं उत्तर ४.

निको बेलिक जहाजातून उतरतो. न्यायला चुलतभाऊ रोमन येतो, झिंगलेला. रोमनने आजवर बंगला, गाड्या, बायका असं काय काय कळवलेलं असतं. निको त्याच्या मागे जिना चढतो आणि समोर एक कोंदट खोली, तिच्यात झुरळं. रोमन ओशाळून बोलतच राहतो आणि निको खोलीभर नजर फिरवतो. तिथेच कळतं, हा गेम पैशाचं स्वप्न दाखवायला आलेला नाही. युद्धातून आलेला एक माणूस आहे, त्याला कुणाचा तरी शोध आहे, आणि हा थापाड्या भाऊ हेच या शहरात त्याचं सगळं कुटुंब आहे. पुढचे तीसेक तास मी त्या दोघांसाठी खेळलो.

शरीरांचं वजन हीदेखील ४ चीच गोष्ट. निको जिन्यावर अडखळला तर कठड्याला हात लावायला बघतो. धक्का लागलेला माणूस तोल सावरतो, दोन पावलं मागे जातो, मग पडतो. ५ मध्ये हे बरंच कमी केलं.

आणि एक कळकळीची विनंती. ४ चा पहिला उपभाग, द लॉस्ट अँड डॅम्ड, खेळल्याशिवाय ५ ला हात लावू नका. का, ते सांगणार नाही.

तर्कटराव
शेवटच्या ओळीला हजारदा अनुमोदन.

बिनधास्त_बाळू
जुनापुराणा, तुमचा आदर ठेवून सांगतो, ४ च्या गाड्या होड्यांसारख्या डुलतात. धागाकर्तीला गाडी जमत नाही. मिशनमध्ये चेकपॉइंट नाहीत. बँकेचं मिशन शेवटाला फसलं तर परत पहिल्यापासून. याउलट ५ मध्ये जागोजाग चेकपॉइंट, आणि एखादा तुकडा तीनदा फसला तर चक्क पुढे जायची सोय. नव्या माणसाचा विचार कुणी केलाय सांगा?

पाचवा_गिअर
बाळूचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. ४ च्या गाड्या जड आहेत म्हणून त्या शिकता येतात. कंट्रोलरचा उजवा ट्रिगर पूर्ण दाबायचाच नाही, अर्ध्यावर ठेवायचा. वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक मारायचा. वळायला लागलात की ब्रेक सोडायचा. नाक वळणाच्या बाहेर दिसलं की हळूहळू गॅस. गाडी एका कुशीवर झुकते तिला घाबरू नका. ती परत सरळ होते. दोन रात्री मिशन न करता नुसतं ब्रोकर या सुरुवातीच्या वस्तीत फिरा.

आणि चालवायचंच नसेल तर टॅक्सी दिसली की बटण दाबून ठेवा. निको मागच्या सीटवर बसतो, ठिकाण निवडा, हवं तर प्रवास गाळून थेट पोहोचा. मिशन फसलं तर मोबाइलवर मेसेज येतो, त्या मेसेजवरूनच ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

उडता_सोफा
सॅन अँड्रियाजमध्ये सायकल आहे. एवढंच म्हणतो.

वाचनमात्र
ती २०२१ ची एकत्र आवृत्ती घ्यावी का? ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियाज एकत्र मिळतात ती.

तर्कटराव
आली तेव्हा अवस्था वाईट होती. पाऊस पडला की समोरचं दिसेनासं व्हायचं, माणसांचे चेहरे बिघडलेले. जीटीएवाल्या रॉकस्टार कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. पण २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटने जुन्यासारखा प्रकाश परत आणला, बऱ्याच चुका गेल्या. कंट्रोल ५ च्या धाटणीचे आहेत, फसलेलं मिशन लगेच पुन्हा सुरू होतं. नव्या खेळाडूने आज ती घ्यायला हरकत नाही. जुनी सॅन अँड्रियाज पीसीवर असेल तर फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसावीत त्यावरची मर्यादा) चालू ठेवा. बंद केलात तर सीजे पाण्यात जागचा हलत नाही. पुष्कळांना वाटतं गेमच खराब आहे.

चांदणवेल
बापरे, किती आपुलकीने लिहिलंय सगळ्यांनी. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

एक कबुली. ५ आधीच माझ्या खात्यात होता, कधीतरी घेऊन ठेवलेला. बाळूंचं चेकपॉइंटचं वाचून तोच सुरू केला. जुनापुराणा, रागवू नका. कसा वाटतो ते सांगायला येईन.

बिनधास्त_बाळू
शाब्बास!

जुनापुराणा
रागवत नाही. खेळा.

चांदणवेल
दोन आठवडे झाले, हजेरी लावते.

सुरुवात फार आवडली. बर्फातला तो दरोडा, मग नऊ वर्षांनंतरचा मायकेल. ट्रकवरून पळवलेल्या बोटीच्या दांड्याला त्याचा मुलगा लटकतो आणि आपण महामार्गावर गाडी तिच्याखाली न्यायची, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. फ्रँकलिनची गाडी चालवताना वेळ मंद करता येतो, त्यामुळे माझंसुद्धा निभावलं.

पण जवाहिऱ्याच्या दुकानाच्या मिशननंतर ट्रेव्हर आला आणि माझी गाडी अडली. एकाच वेळी तीन माणसं, फोन वाजतोय, नकाशाभर खुणा. कुणाजवळ थांबावं तेच कळेना. ट्रेव्हरच्या पहिल्या प्रसंगात एक बाइकवाला येतो, बाईवरून भांडतो, आणि ट्रेव्हर त्याला रस्त्यात मारून टाकतो. भयंकर होतं, पण तो बाइकवाला कोण, हे माहीत नसल्यामुळे मला विशेष काही वाटलं नाही. महत्त्वाचा होता का तो?

तर्कटराव
...

पाचवा_गिअर
जुनापुराणा, तुम्हीच सांगा.

जुनापुराणा
*(पुढे रहस्यभेद आहे. वाचनमात्र, तुम्ही हा प्रतिसाद गाळा.)*

त्याचं नाव जॉनी क्लेबिट्झ. द लॉस्ट अँड डॅम्डचा नायक. ५ यायच्या आधी चार वर्षं लोकांनी त्याच्या अंगात शिरून तो अख्खा उपभाग खेळला होता. त्याची टोळी सांभाळली, त्याचे मित्र गमावले. ज्या बाईवरून भांडण झालं ती ॲशली. तिला नशेतून बाहेर काढायला तो जीव टाकत होता.

मी ५ पहिल्यांदा खेळलो तेव्हा तो समोर आला आणि मला आनंद झाला. जुना सोबती भेटावा तसा. पुढच्या मिनिटाभरात ते सगळं झालं, आणि ज्याने केलं त्याचीच सूत्रं लगेच माझ्या हातात आली. कंट्रोलर खाली ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. लिहिणाऱ्यांना नेमकं तेच साधायचं होतं असं मला वाटतं. ट्रेव्हर काय चीज आहे, हे सांगायला त्यांनी आपल्या ओळखीचं माणूस खर्ची घातलं. तुम्हाला काही वाटलं नाही यात तुमची चूक नाही. पण तो प्रसंग ओळखीच्या माणसासाठी लिहिलेला आहे.

उडता_सोफा
मला आजही तो प्रसंग पटत नाही. धक्का द्यायचा म्हणून एका नायकाला असं संपवायचं? त्याची टोळी, त्याची इज्जत, सगळं दोन मिनिटांत.

रेडिओवेडी
मला पटतो. पटतो म्हणजे त्रास होतो. नशेच्या वाटेला लागलेल्यांचा शेवट असाच होतो, कुणीतरी मोठं भाषण करून निरोप देत नाही.

बिनधास्त_बाळू
चांदणवेल, माझी चूक झाली. मी ५ ने सुरुवात केली होती आणि जॉनीला अजून भेटलेलो नाही. मला वाटायचं तो कुणीतरी फुटकळ गुंड आहे.

चांदणवेल
हे वाचून मी ५ तिथेच थांबवलाय. आज रात्री ४ उतरवायला लावते. पीसीवर काही काळजी?

पाचवा_गिअर
आता मिळते त्या कम्प्लीट एडिशनमध्ये मूळ गेम आणि दोन्ही उपभाग आहेत. ऑनलाइन काढून टाकलंय, तुम्हाला नकोच होतं. परवान्याच्या मुदतीमुळे २०१८ मध्ये रेडिओवरची काही गाणी गेली, रशियन स्टेशनवरची तर पुष्कळ. आणि एक लिहूनच ठेवा: शेवटच्या मिशनला फ्रेम ३० वर बांधा. त्याहून जास्त असल्या तर हेलिकॉप्टरवर चढायचं बटण कितीही दाबलं तरी निको चढत नाही.

तर्कटराव
क्रम: आधी निको, मग जॉनी, मग लुईस (दुसऱ्या उपभागाचा नायक). तिन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच शहरात घडतात. संग्रहालयातला एक सौदा तुम्ही तिघांच्या नजरेने तीनदा बघाल. आणि निकोच्या बँकेच्या मिशनमध्ये जमिनीवर झोपवलेल्या गिऱ्हाइकांकडे नीट लक्ष द्या.

वाचनमात्र
मी ४ सुरू केला. (रहस्यभेद गाळला होता.) रोमन सारखा फोन करून बोलिंगला बोलावतो. जावं का?

जुनापुराणा
जा. नाही म्हणालात तर त्याला वाईट वाटतं.

चांदणवेल
धागा वर काढते. दीड महिना झाला.

निको संपला. शेवटी कुणाला गमावलं ते लिहीत नाही, वाचनमात्र अजून मधे आहेत. बँकेचं मिशन चौथ्यांदा जमलं. तिसऱ्या वेळी भुयारी रेल्वेपर्यंत पोहोचून मेले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. गाडी आता जमते. अर्धा ट्रिगर, आधी ब्रेक. पावसात ब्रोकरचा पूल ओलांडताना टॅक्सी घ्यावीशी वाटत नाही.

काल जॉनी सुरू केला. पहिल्याच सवारीत टोळीचा म्होरक्या बिलीच्या मागे सगळी टोळी निघते आणि रस्त्यावर टोळीचं चिन्ह उमटतं. आपण बाइक त्या चिन्हावर ठेवायची. तेवढा वेळ रांगेत राहिलं की जॉनीची जखम भरते, बाइक दुरुस्त होते, आणि बाजूचे भाऊ गप्पा मारायला लागतात. रांग सोडली की ते सगळं बंद. मी मिशनच्या जागेवर पोहोचायला उगीच उशीर केला. मला माहीत आहे ना, हा पुढे कुठल्या रस्त्यावर पडणार आहे ते.

५ कधी पुन्हा उघडेन माहीत नाही.

जुनापुराणा
घाई करू नका. ॲशलीचा फोन आला की उचला.

बिनधास्त_बाळू
मीपण काल रात्री जॉनी सुरू केला. रांग सोडत नाहीये.